धर्माची गाय आणि तिचे दात

फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, असा व्यवहार आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. 'धर्माची गाय आणि दात का गे नाही' ही म्हण त्याच व्यवहारातून जन्मली. दानात मिळालेल्या गायीचे तोंड उघडून दात मोजीत बसणाऱ्या याचकाची ती थट्टा आहे. परंतु दाता हा एखादा गृहस्थ नसून सरकार असेल, गाय जनतेच्या पैशाने विकत घेतलेली असेल आणि ज्या घरी ती बांधावयाची ते घर मुलांनी किंवा रुग्णांनी भरलेले असेल, तर ही थट्टा तशीच्या तशी लागू करता येईल काय, हा प्रश्न विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. पोलीस दलातून निवृत्त होणारी वाहने धर्मादाय संस्थांना देऊन टाकावीत, ही सूचना अधूनमधून पुढे येते. तिचे कौतुक होते आणि तिच्यामागील सद्‌हेतूविषयी कोणी शंका घेत नाही. आम्हीही ती घेत नाही. हेतू चांगला असला म्हणजे दान आपोआप चांगले होते असे मात्र नाही, आणि या बाबतीत तर ते अनर्थकारकही ठरू शकते, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

सूचनेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गावाच्या वेशीबाहेर मिळालेल्या जागेत चालणारा एखादा वृद्धाश्रम, मूकबधिर मुलांची एखादी निवासी शाळा, अनाथ बालकांचे एखादे वसतिगृह यांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वाहनाची किंमत वेगळी सांगावयास नको. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि आणीबाणीच्या प्रसंगी तिचा आधार झाला. परंतु ती सेवा आणीबाणीसाठी आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावयाच्या आजोबांना, श्रवणयंत्राच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या मुलांना किंवा बाजारातून धान्याची पोती आणणाऱ्या व्यवस्थापकाला तिचा उपयोग नाही. अशा संस्थेला नवी गाडी घ्यावयाची तर काही महिन्यांच्या अन्नखर्चाएवढी रक्कम एकदम बाजूला काढावी लागते. ती बहुधा निघत नाही.

उलटपक्षी पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या वाहनांच्या रांगा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत सलतात. त्यांतील पुष्कळशी वाहने पोलिसांची नव्हेतच. ती निरनिराळ्या गुन्ह्यांत जप्त झालेली असतात, आणि अशी वाहने दीर्घकाळ ठाण्यात अडकवून ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच बजावले आहे. तो प्रश्न निराळा आहे. तथापि पोलिसांची स्वतःची निर्लेखित वाहनेही लिलावाची वाट पाहत उन्हापावसात उभी असतात, आणि लिलाव होईपर्यंत त्यांच्या काचा, टायर आणि किंमत ही तिन्ही उतरत जातात. ज्याला गरज आहे त्याच्याकडे वस्तू नाही आणि ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला गरज नाही, असे हे चित्र आहे. या दोघांची गाठ घालून द्यावी, असे कोणाही सहृदय माणसाला वाटल्यास नवल नाही.

परंतु गाठ घालण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०२३ रोजी अधिसूचना काढून १ एप्रिल २०२३ पासून असा नियम लागू केला की, केंद्र व राज्य सरकारे, महापालिका, सार्वजनिक परिवहन मंडळे आणि सरकारी उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर संपुष्टात येईल. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी प्रत्यक्ष कारवाईत लागणाऱ्या चिलखती व तत्सम विशेष वाहनांना तेवढी सूट आहे. १५ वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनाची विल्हेवाट सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार स्थापन झालेल्या नोंदणीकृत मोडणी केंद्रातच लावावयाची आहे. म्हणजे धर्माच्या गायीचे दात आता कायद्यानेच मोजून ठेवले आहेत. पंधरा वर्षांची झालेली पोलिसांची जीप कोणाला दान द्यावी, हा प्रश्नच उरत नाही. ती मोडीतच निघाली पाहिजे. प्रश्न उरतो तो त्यापूर्वी निवृत्त होणाऱ्या वाहनांचा, आणि खरा विचार तेथेच करावयास हवा.

पोलिसांचे वाहन हे गृहस्थाच्या मोटारीसारखे नसते. गृहस्थ आपली गाडी सकाळी पुसतो, खड्डा चुकवितो, इंजिनाचा आवाज बदलला की कारागिराकडे धावतो. पोलिसांच्या गाडीला असा एक धनी नसतो. पाळी बदलते तसा चालक बदलतो. गणपतीच्या बंदोबस्तात ती रात्ररात्र चौकात उभी असते, मोर्चाच्या दिवशी पहिल्या गियरमध्ये माणसाच्या चालीने सरकते, आणि एखादा निरोप येताच तीच गाडी आडरस्त्याने भरधाव पळवावी लागते. तीत किती माणसे बसली याचा हिशेब अशा वेळी कोणी ठेवीत नाही, आणि ठेवावा अशी अपेक्षाही नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू असताना किलोमीटरचा आकडा पुढे सरकत नाही, पण झीज होतच असते. पोलिसांच्या गाड्यांच्या संदर्भात तासभर उभ्याने चाललेले इंजिन सुमारे ३३ मैल धावल्याइतके झिजते, असा हिशेब अमेरिकेतील फोर्ड कंपनीने मांडलेला आहे. आकड्याचा काटेकोरपणा बाजूला ठेवला तरी तत्त्व उघड आहे. कागदावर लाख किलोमीटर धावलेली पोलिसांची गाडी वस्तुतः त्याहून कितीतरी अधिक झिजलेली असू शकते. बाहेरून नवा रंग दिला म्हणून आतील झीज भरून येत नाही.

यातून जो नैतिक प्रश्न निर्माण होतो तो टाळता येण्यासारखा नाही. एखादे वाहन पोलीस दलातून काढण्याची दोन कारणे संभवतात. एक तर त्याची ठरलेली मुदत भरली, पण ते अद्याप सुस्थितीत आहे. किंवा ते इतके खिळखिळे झाले आहे की त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पहिल्या प्रकारच्या वाहनाचे दान समजण्यासारखे आहे. पण दुसऱ्या प्रकारचे वाहन जर धडधाकट शिपायाच्या जिवाला धोक्याचे ठरले असेल, तर ते अनाथ मुलांच्या किंवा पांगळ्या वृद्धांच्या जिवाला बिनधोक कसे होते? गरिबाला काय, कसेही चालते, ही समजूत या व्यवहाराच्या तळाशी आहे काय, हे दात्याने स्वतःशी तपासून पाहावे.

आता घेणाऱ्याच्या खर्चाकडे वळू. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी आणि लिटरला दहा किलोमीटर देणारी गाडी शंभर लिटर डिझेल पिते. लिटरला नव्वद रुपये धरले तरी नऊ हजार रुपये तेथेच संपले. त्यावर चालकाचा पगार आहे, टायर आहेत, तेल आहे, दुरुस्ती आहे. शिवाय एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने सरकारी मालकीच्या आणि व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनांना तृतीय पक्ष विम्याच्या सक्तीतून वगळले आहे. तेच वाहन संस्थेच्या नावावर झाले की ही सवलत संपते, आणि पहिल्या दिवसापासून विमा उतरवावा लागतो. मालकी बदलाची नोंद मुदतीत करावी लागते, योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. यांतले काही राहून गेले आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा बोजा संस्थेवर येऊन तिची इमारत विकावयाची पाळी येऊ शकेल. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथे अपुरी पडते. कारण येथे कोंबडी फुकट असून मसालाच घर खातो.

आयुष्याचा बराच काळ शाळेत शिकविण्यात घालविल्यामुळे अशा दानांचा आम्हांस थोडा परिचय आहे. एका कचेरीने आपली जुनी लोखंडी कपाटे एका शाळेस उदार अंतःकरणाने दिली होती. कपाटांना किल्ल्या नव्हत्या. हातगाडीचे भाडे शाळेने दिले, कुलूपवाल्याची मजुरी शाळेने दिली, आणि त्यांतील दोन कपाटे उघडली तेव्हा ती वाळवीने पोखरलेल्या जुन्या फायलींनी भरलेली निघाली. मुख्याध्यापकांना त्याबद्दल आभाराचे पत्र लिहावे लागले, आणि कचेरीच्या वार्षिक अहवालात 'शैक्षणिक संस्थेस साह्य' अशी नोंद झाली. कपाटाने फार तर हात कापतो. मोटारीचे तसे नाही.

निवृत्त वाहनाची रुग्णवाहिका करावी, ही कल्पना विशेष लोकप्रिय आहे. जीपमध्ये एक स्ट्रेचर ठेवले, बाहेर क्रॉस रंगविला आणि वर निळा दिवा बसविला की रुग्णवाहिका तयार झाली, असा समज दिसतो. रुग्णवाहिकेची बांधणी कशी असावी यासाठी आपल्या देशात एआयएस-१२५ हे मानक आहे. त्यात रुग्णवाहिकांचे चार प्रकार सांगितलेले असून आतील जागा, उपकरणे, प्राणवायूची सोय यांची व्यवस्था घालून दिलेली आहे. केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पीय भाषणात जुनी वाहने आणि जुन्या रुग्णवाहिका बदलण्यासाठी राज्यांना साह्य देण्याची घोषणा झाली. एका हाताने जुन्या रुग्णवाहिका मोडीत काढावयाच्या आणि दुसऱ्या हाताने जुन्या जीपगाड्यांच्या रुग्णवाहिका करून त्या गरिबांच्या संस्थांना द्यावयाच्या, यात कसली सुसंगती आहे? धुराच्या बाबतीतही तेच. मुंबई-पुण्यात २०१० पासून भारत स्टेज चार आणि सर्व देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रमाणे आपण लागू केली, ती हवा शुद्ध राहावी म्हणून. शहराने नाकारलेला धूर खेड्यातल्या वसतिगृहाच्या अंगणात नेऊन सोडणे याला दान म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा अधिकाराचा आहे. हे वाहन देणारा कोण? त्याची किल्ली संस्थेच्या हाती ठेवताना हार घातला जातो, नारळ फुटतो, छायाचित्र घेतले जाते. परंतु ते वाहन त्या अधिकाऱ्याचे नव्हे, की त्या मंत्र्याचेही नव्हे. ते करदात्यांचे आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार होऊ नये, यासाठीच सरकारी वस्तूंच्या विल्हेवाटीसाठी निविदा व लिलाव यांचे नियम आहेत. नियमांना बगल देऊन केलेले दान कितीही साजिरे दिसले तरी त्यात पक्षपाताला वाव राहतो. आपल्या राज्यात संस्थांचा तोटा नाही, आणि कोणत्या संस्थेच्या पाठीशी कोणता पुढारी उभा आहे हे गावातील पोरसुद्धा सांगू शकते. ज्या संस्थेला वजनदार आश्रयदाता आहे तिला गाडी मिळावयाची आणि जी खरोखर निराधार आहे तिने वर्तमानपत्रात त्या समारंभाचे छायाचित्र पाहावयाचे, असे घडता कामा नये. मध्य प्रदेशात एका न्यासाला जाहिरात न देता दिलेली जमीन सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रद्द ठरविली, आणि सरकारी मालमत्तेचे वाटप मर्जीने करता येत नाही असे स्पष्ट केले. जमीन मोठी आणि जीप लहान असली तरी न्याय तोच आहे.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. पोलिसांच्या गाडीला एक चेहरा असतो. तो पाहून लोक वाट देतात, नाक्यावरचा शिपाई अडवीत नाही, घाबरलेली स्त्री मदतीसाठी धावत येते. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणारे दहशतवादी गृहमंत्रालयाचे बनावट चिन्ह लावलेल्या पांढऱ्या अँबॅसेडर मोटारीतून आत शिरले होते, हे विसरता येत नाही. यास्तव निवृत्त वाहन आवाराबाहेर पडण्यापूर्वी त्यावरील अक्षरे, पट्टे, दिवा, भोंगा आणि बिनतारी यंत्राची जोडणी यांचा मागमूसही उरता कामा नये. नुसता वरून रंग फासणे पुरेसे नाही. उन्हाने रंग उडाला की खालचे 'पोलीस' हे शब्द पुन्हा डोकावतात.

मग करावे काय? दान नको असे आम्ही म्हणत नाही; दान खरे असावे, असे म्हणतो. त्याची पहिली अट अशी की वाहन वेळेवर निवृत्त झाले पाहिजे. पोलिसांना नवी गाडी मिळत नाही म्हणून ते जुनीच ढकलीत राहतात. ढकलीत हा शब्द आम्ही शब्दशः वापरीत आहोत. ठाण्याच्या दारात जीपला मागून रेटा देणारे शिपाई हे दृश्य कोणास अपरिचित आहे? जी गाडी शेवटच्या श्वासापर्यंत राबविली तिच्यात दुसऱ्याला देण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. पोलिसांच्या मोटार परिवहन विभागाला वेळच्या वेळी पुरेसा निधी मिळाला, तरच बाहेर पडणाऱ्या गाडीत चार-पाच वर्षांचे आयुष्य उरेल आणि संस्थेला तिचा उपयोग होईल. चांगल्या दानाची सुरुवात अशी अर्थसंकल्पात आहे.

दुसरी अट उघडपणाची. कोणती वाहने निघणार, त्यांचे वय किती, तपासणीत काय आढळले, याची यादी प्रसिद्ध व्हावी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या आणि हिशेब वेळेवर सादर करणाऱ्या संस्थांकडून अर्ज मागवावेत. गरज, अंतर आणि गाडी चालविण्याची ऐपत पाहून निवड व्हावी आणि निवडीची कारणे लिहून ठेवावीत. संस्थेला नाही म्हणण्याचा अधिकार असावा, आणि नकार दिल्याबद्दल पुढील वर्षी तिचे नाव वगळले जाऊ नये. तिसरी अट जबाबदारीची. पोलीस दलाकडे स्वतःच्या कार्यशाळा आहेत, अनुभवी कारागीर आहेत. ब्रेक, सुकाणू, टायर आणि दिवे दुरुस्त करूनच गाडी द्यावी, मालकी बदलाचे आणि पहिल्या वर्षाच्या विम्याचे पैसे सरकारने भरावेत, आणि पुढील दोन वर्षे सहा-सहा महिन्यांनी तिची तपासणी करून द्यावी. या खर्चाचे आकडे पाहून जर अधिकाऱ्यांना असे वाटले की यापेक्षा गाडी विकून तेवढे अनुदान संस्थेला रोखीने देणे सोयीचे, तर त्यांनी खुशाल तसे करावे. त्या पैशांत संस्था भाड्याची चांगली गाडी ठेवू शकेल.

आणि ज्या गाड्या रस्त्यावर धावण्याच्या लायकीच्या उरल्या नाहीत, पण ज्यांची पंधरा वर्षे अजून भरावयाची आहेत, त्यांनाही एक सन्मानाची जागा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार दुरुस्तीचा धंदा शिकणाऱ्या मुलांना उघडून पाहावयास खरे इंजिन मिळणे महत्त्वाचे असते. त्यांना चालणाऱ्या गाडीपेक्षा बिघडलेली गाडी अधिक शिकविते. झिजलेला क्लच, चिरलेला गॅस्केट, गळणारा पंप हीच तेथे पाठ्यपुस्तके. अपघातात चेपलेल्या गाडीतून माणूस कापून कसा बाहेर काढावा, याचा सराव अग्निशमन दलाच्या जवानांना करावयाचा असतो. त्यांनाही असे वाहन हवे. येथे गाडीचे दोष लपवावे लागत नाहीत, कोणाचा जीव धोक्यात येत नाही, आणि दिलेली वस्तू शेवटच्या खिळ्यापर्यंत सार्थकी लागते. निवृत्त वाहनांच्या दानाचा विचार करताना ही जागा प्रथम आठवली पाहिजे.

कठोपनिषदातील वाजश्रवसाची कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. सर्वस्व दान करण्याचे व्रत घेऊन त्याने ज्या गायी दिल्या त्या म्हाताऱ्या आणि दूध आटलेल्या होत्या. ते पाहून अस्वस्थ झाला तो त्याचा लहान मुलगा नचिकेता. गायी घेणारे ब्राह्मण काय म्हणाले ते कथा सांगत नाही. ते बहुधा काहीच म्हणाले नसावेत, कारण घेणाऱ्याला बोलता येत नाही. म्हणूनच दात्याच्या घरातील कोणीतरी बोलावे लागते. सरकारच्या बाबतीत ते काम लोकप्रतिनिधींचे, लेखापरीक्षकांचे आणि आम्हां वर्तमानपत्रांचे आहे. यापुढे एखाद्या समारंभात पोलिसांची जुनी गाडी एखाद्या आश्रमाला दिली जाईल, तेव्हा हार आणि नारळ यांच्या आधी तिच्या तपासणीचा दाखला वाचून दाखवावा, एवढी मागणी आम्ही गृहखात्याकडे करीत आहोत. त्या गाडीत उद्या जे बसणार आहेत, त्यांना दात मोजण्याचा हक्क म्हणीने नाकारला आहे. तो त्यांच्या वतीने सरकारने बजावावा.